आठ वाजताचं विरजण

बायो,

सकाळी तुझा फोन आला तेव्हा एका हातात लाटणं होतं आणि कुकर तिसऱ्या शिट्टीला आला होता, म्हणून धड बोलता आलं नाही. "ताई, फक्त कंपनीचं नाव सांग, माणूस दारात उभा आहे," असं तू म्हणालीस आणि मी म्हटलं, "त्याला सांग, रविवारी ये." तुला राग आला असणार. पण अगं, माणूस दारात ताटकळत असताना घेतलेलं कनेक्शन निस्तरायला वर्ष जातं. आता दुपारची सामसूम आहे, तुझे भाऊजी ऑफिसात, मुलं क्लासला. सविस्तर लिहिते, तूही निवांत वाच.

आधीच सांगते, कंपनीचं नाव मी सांगणारच नाहीये. टाटा प्ले घे, एअरटेल घे, डिश टीव्ही घे, नाहीतर गल्लीतल्या केबलवाल्याला बोलाव, स्टार प्रवाहवरची मालिका सगळीकडे तीच लागते आणि तिच्यातली सासू सगळीकडे तेवढीच खाष्ट असते. फरक पडतो तो तुझी गॅलरी कुठल्या दिशेला आहे, तुझी सोसायटी काय लावू देते आणि तुझ्या सोफ्यावर कोण बसणार आहे, यानं. हे शहाणपण मला दोनदा तोंडघशी पडून आलंय. त्यातली पहिली गोष्ट तुला ठाऊक आहे, दुसरी मी अजून कुणालाच सांगितलेली नाही.

पहिली आधी. आम्ही डोंबिवलीत ए विंगमध्ये भाड्यानं राहत होतो, आठवतं ना? खाली लॉबीत एका डिश कंपनीच्या पोरांनी टेबल टाकलं होतं. "मॅडम, बॉक्स फुकट, छत्री फुकट, बसवायचं फुकट. फक्त वर्षाचे पैसे एकदम भरा." फुकट हा शब्द तीनदा कानावर पडला की आपल्या आईच्या लेकींचं डोकं चालायचं थांबतं. भरले पैसे. पाचव्याच महिन्यात त्याच आवारातल्या सी विंगमध्ये आम्ही स्वतःच्या घरात गेलो. छत्री हलवायला माणूस आला, गॅलरीत उभा राहिला, मोबाईलवर होकायंत्र काढलं आणि म्हणाला, "इथून सॅटेलाइट लागायचं नाही. तुमची गॅलरी पश्चिमेला आहे." गच्चीवर लाव म्हटलं, तर सोसायटीचा ठराव आडवा आला: गच्चीवर खासगी छत्र्या नकोत. उरलेल्या सात महिन्यांचे पैसे परत मागितले तर "तशी पॉलिसी नाही." फुकटचा बॉक्सही नुसता वापरायला दिलेला निघाला, तो पिशवीत घालून घेऊन गेले. चूक माझीच होती. पैसे भरायच्या आधी यातलं एक अक्षर मी विचारलं नव्हतं.

तर पहिला धडा दिशेचा. हे उपग्रह विषुववृत्ताच्या वर सुमारे 36,000 किलोमीटरवर असतात आणि पृथ्वीच्याच गतीनं फिरतात, म्हणून आपल्याला ते आकाशात एका जागी खिळल्यासारखे वाटतात. आपल्याकडच्या डिश कंपन्यांचे उपग्रह साधारण 83 ते 108 अंश पूर्व रेखांशाच्या पट्ट्यात आहेत आणि पुणं-मुंबई 73-74 अंशाच्या आसपास. म्हणजे आपल्याला ते खाली दक्षिणेला आणि उगवतीकडे, थोडक्यात आग्नेयेला पडतात. वास्तुशास्त्रवाल्यांना आग्नेयेला स्वयंपाकघर लागतं, डिशवाल्याला आग्नेयेला मोकळं आभाळ. होकायंत्र नसेल तर एक घरगुती खूण सांगते. थंडीच्या दिवसांत सकाळी दहाच्या सुमारास गॅलरीत ऊन येत असेल, तर बहुतेक जमतं. उपग्रह क्षितिजापासून चांगले वर असतात, त्यामुळे समोरची इमारत अगदी खेटून नसली तर अडचण येत नाही. पण वाकडमध्ये तुझ्या समोरच्या रिकाम्या प्लॉटवर पत्रे लागलेत ना? तिथे किती मजले होणार आहेत, ते बिल्डरच्या पाटीवर वाचून ये. आज लागलेली छत्री दोन वर्षांनी आंधळी व्हायला नको.

आणि सोसायटीच्या सेक्रेटरींना एक फोन कर. नव्या सोसायट्यांमध्ये बाहेरच्या भिंतीवर छत्री लावू देत नाहीत, कुठे गच्चीवर सगळ्यांसाठी मिळून एकच छत्री असते, कुठे आतल्या डक्टमधून वायर टाकायची परवानगी एखाद्या-दोघांनाच असते. तू कंपनी निवडायला बसायचीस आणि ती सोसायटीनं आधीच निवडून ठेवलेली असायची.

आता दुसरी गोष्ट. ही वाचून हसू नकोस, आणि आईला तर मुळीच सांगू नकोस.

तीनेक वर्षांपूर्वी मी केबल बंद केली. मुलं मोबाईलवर बघायची, तुझे भाऊजी लॅपटॉपवर, मी तर आठवड्यातून एखादा सिनेमा. म्हटलं, केबलचे पैसे कुणासाठी भरतोय? वायफाय होतंच. नवा स्मार्ट टीव्ही आणला, दोन-तीन ॲप टाकली, सासूबाईंना दाखवलं, "हे बघा आई, हे दाबा, मग हे, मग खाली या, इथे तुमची मालिका." त्या मान हलवत होत्या. पुढे महिनाभर मला एकच बदल दिसला. रोज रात्री आठला पाच मिनिटं कमी असताना त्या हातात वाटी घेऊन शेजारच्या काकूंकडे विरजण मागायला जायच्या. यायच्या ते साडेआठला. मी आपली समजत होते, गप्पा मारतात, बरं आहे. एके दिवशी फ्रिज पुसायला काढला, तर आत दह्याचं भांडं अर्ध्याहून अधिक भरलेलं.

मग लक्षात आलं. टीव्हीच्या रिमोटवर सोर्स नावाचं एक बटण असतं. त्यांचा अंगठा त्याच्यावर पडायचा आणि पडदा निळा व्हायचा. मला सांगायचं कसं, सून हसेल, नातू वैतागेल, म्हणून त्या टीव्ही बंद करून ठेवायच्या. विचारलं तर "डोळे दुखतायत आज." आणि मालिका बघायला शेजारी, विरजणाची वाटी घेऊन. बायो, मी बँकेत नोकरी करते, लोकांना इंटरनेट बँकिंग शिकवते, आणि माझ्या घरात एक बाई महिनाभर दही मागत फिरत होती.

म्हणून म्हणते, आधी एक कोरा कागद घे. कंपन्यांची नावं लिहू नकोस. घरातल्या माणसांची लिही. कोण, किती वाजता, काय बघतं, आणि बिघडलं तर स्वतः नीट करू शकतं का. तुझा नवरा क्रिकेट बघणार, फोनवरही बघेल. तू रात्री झोपताना काहीतरी बघत पेंगणार. पण तुझ्या सासूबाई संगमेश्वरहून आता कायमच्या येतायत. तू सकाळी साडेआठला बाहेर पडणार ते संध्याकाळी सातला उगवणार. अकराव्या मजल्यावरच्या त्या घरात दिवसभर त्या आणि टीव्ही. म्हणजे ग्राहक तू नाहीस, त्या आहेत. पैसे तू भरणार एवढंच.

हा कागद भरलास की मग एकेक प्रकार बघ.

केबलवाला. ज्याला आपण जुनाट समजतो, तो माझ्या लेखी अजून मोठा माणूस आहे. मुंबईत 2012 च्या अखेरीला आणि पुण्या-नाशकाकडे 2013 मध्ये सेट टॉप बॉक्स सक्तीचा झाला, तेव्हा सगळे म्हणाले, संपला आता केबलवाला. नाही संपला. कारण त्याचं दुकान खालच्या चौकात असतं. टीव्ही बंद पडला तर कॉल सेंटरवर "एक दाबा, दोन दाबा" करावं लागत नाही. त्याच्या पोऱ्याला फोन केला की तो येतो, वायरचं टोक काढून, सोलून, पुन्हा बसवून जातो. पावसातही त्याचं चित्र सहसा जात नाही. उणी बाजूही सांगते. गल्लीतले लाईट गेले की तुझ्या घरात इन्व्हर्टर असूनही केबल बंद पडू शकते, कारण खांबावरच्या त्याच्या मशीनलाही वीज लागते. रस्ता खोदला की वायर तुटते. आणि काही ठिकाणी पावती मागितली की तोंड वाकडं करतात. तू पावती मागच. घ्यायच्या आधी शेजारच्या दोन घरांत विचार, "तुमचा बंद पडला तर किती वेळात येतो?" हा एक प्रश्न शंभर वाहिन्यांच्या यादीपेक्षा मोलाचा.

डिश. गॅलरी आग्नेयेला असेल, सोसायटीची हरकत नसेल, तर उत्तम. चित्र स्वच्छ, रिचार्ज मोबाईलवरून, गल्लीतल्या विजेशी संबंध नाही. पण पाऊस! या छत्र्या ज्या लहरी पकडतात त्यांची लांबी जेमतेम अडीच सेंटिमीटर. धो धो पावसाचे थेंब त्या शोषतात, विखरून टाकतात. झिमझिम पावसाला काही होत नाही. कोसळायला लागला की चित्राचे चौकोन चौकोन होतात आणि मग "नो सिग्नल." दहा-वीस मिनिटांत सर ओसरली की आपोआप परत येतं. पहिल्याच पावसाळ्यात तक्रार करून माणसाला बोलावू नकोस, बोलावण्याचे पैसे पडतील आणि तो येईपर्यंत ऊन पडलेलं असेल. बारीक पावसातही जायला लागलं तर मात्र छत्री हलली असं समज.

यावरून आई आठवली. तिच्याकडे मी काय केलं ते तुला माहीत आहे, पण का केलं ते सांगते. चिपळूणपासून आत, वाडीत केबल नाही, मोबाईलला रेंज येते ती विहिरीपाशी. तिला काय बघायचं असतं? सह्याद्रीवरच्या सातच्या बातम्या, कीर्तन, एखादा जुना सिनेमा. दर महिन्याला रिचार्ज करायचा विसर पडला की ती कुणाला सांगत नाही, नुसती रेडिओ लावते. म्हणून तिच्याकडे दूरदर्शनची डीडी फ्री डिश लावली. 2004 साली ती डीडी डायरेक्ट प्लस नावानं सुरू झाली. छत्री आणि बॉक्सचे एकदाच पैसे, नंतर महिन्याला शून्य. रिचार्जच नाही तर तो विसरायचा कसा? आपल्या लहानपणी कौलांवर ॲल्युमिनियमचा अँटेना असायचा आणि "आलं का?" "गेलं!" असा ओरडा चालायचा, तो आता उपयोगाचा नाही. दूरदर्शनचे ते जुने प्रक्षेपक 2022 पर्यंत जवळपास सगळे बंद झाले.

फ्री डिशवर मोठ्या खासगी वाहिन्यांच्या ताज्या मालिका मिळतील अशी आशा धरू नकोस. तिथल्या खासगी वाहिन्या लिलावात जागा घेऊन येतात, त्यामुळे यादी बदलत राहते. बॉक्स घेताना एमपेग-4चाच घ्यायचा, जुन्या एमपेग-2 बॉक्सवर काही वाहिन्या दिसतच नाहीत. काही नव्या टीव्हींमध्ये तर हा बॉक्स आतच असतो, नुसती छत्रीची वायर लावायची. एक अडचण मात्र कुठल्याच पत्रकात लिहिलेली नसते. आईकडच्या छत्रीवर वानर बसतात. एक हुप्प्या ऐटीत रेलून बसला की छत्रीचं तोंड बोटभर फिरतं आणि आईच्या बातम्या जातात. शेजारच्या दादांनी मग ती परसातून काढून पडवीच्या भिंतीला, हात पुरेल अशा उंचीवर लावली आणि खांबावर ऑइलपेंटनं खूण करून ठेवली. खूण जुळली की बातम्या परत. कॉल सेंटरला हे जन्मात सुचलं नसतं.

आता वायफाय. तुझ्या मनात तेच आहे, मला कळलंय. टीव्हीत ॲप आहेत, नेट आहेच, वेगळे पैसे कशाला? तुम्हा दोघांनाच राहायचं असतं तर मीही हेच म्हटलं असतं. एका एचडी चित्राला साधारण पाच एमबीपीएस पुरतात, फोर-केला पंधरा-वीस धर. त्यामुळे शंभरचं कनेक्शन घरभर पुरतं, फक्त राउटर टीव्हीच्या जवळ ठेव, कपाटात नको. राउटरला छोटा यूपीएस लाव, हजार-दीड हजारात येतो, लाईट गेले तरी नेट चालू राहतं. पण तीन गोष्टी ध्यानात ठेव. एक, नेट, फोन, टीव्ही सगळं एकाच फायबरवर घेतलंस की फायबर तुटल्यावर तिन्ही एकदम जातात. दोन, "इतकी ओटीटी फुकट" असं लिहिलेलं असतं, त्यात किती टीव्हीवर चालतात आणि किती फक्त मोबाईलवर, ते विचार. बऱ्याचदा फुकटचं असतं ते मोबाईलपुरतं. तीन, क्रिकेट. ॲपवरचा सामना टीव्हीपेक्षा मागे असतो. शेजारी विकेटीला ओरडतात आणि तुझ्या नवऱ्याच्या पडद्यावर बोलर अजून रनअपला निघालेला असतो. हे दुःख मोठं आहे, त्याला आधी कल्पना दे. दूरदर्शनचं स्वतःचं ॲपही आहे बरं का, वेव्ह्ज नावाचं. 2024 च्या नोव्हेंबरात गोव्यातल्या इफ्फी चित्रपट महोत्सवात सुरू झालं. प्रवासात दूरदर्शन बघायला चांगलं आहे.

बरं, पैशांकडे वळूया. इथे फसवणूक कमी आणि आपला आळस जास्त असतो. 2019 च्या फेब्रुवारीपासून ट्रायच्या, म्हणजे दूरसंचार नियामकाच्या, नियमानं बिलाचे दोन तुकडे झाले. एक, वायर किंवा छत्री तुझ्या घरापर्यंत आणल्याचं भाडं, त्याला नेटवर्क शुल्क म्हणतात. दुसरा, तू निवडलेल्या सशुल्क वाहिन्यांचे पैसे. दोन्ही मिळून त्यावर 18 टक्के जीएसटी. नेटवर्क शुल्काला पहिली काही वर्षं 130 रुपयांची मर्यादा होती. 2020 मध्ये तेवढ्याच पैशांत 200 वाहिन्या द्यायला लावल्या. 2024 च्या जुलैत ही मर्यादाच उठवली. आता प्रत्येक कंपनी आपलं शुल्क स्वतः ठरवते, पण ते जाहीर करावं लागतं. म्हणून "पॅक कितीचा?" असं विचारू नकोस. "नेटवर्क शुल्क किती, वाहिन्यांचे किती, आणि कर धरून हातात किती द्यायचे?" असं विचार.

पेन घेऊन एक हिशेब कर. समज, नेटवर्क शुल्क 130, आणि तुम्हाला हव्या त्या वाहिन्यांचे 92. झाले 222. त्यावर 18 टक्के म्हणजे 39 रुपये 96 पैसे. एकूण 261 रुपये 96 पैसे. पोरगा तुला "दोनशे बावीसचा पॅक" सांगेल, बिल दोनशे बासष्टचं येईल, आणि तू त्याला लबाड म्हणशील. तो लबाड नाही, तू पुढचा प्रश्न विचारला नाहीस.

दुसऱ्या खोलीत दुसरा टीव्ही लावायचा असेल तर त्याचं वेगळं शुल्क पडतं. दुसऱ्या टीव्हीला सवलत मिळू शकते, ती किती ते आधी विचार. बेडरूममध्ये टीव्ही हवाच का, हा तुमचा नवरा-बायकोचा प्रश्न, मी त्यात पडत नाही.

वाहिन्या निवडताना बुके म्हणजे जुडीचा भाव आणि सुटा भाव दोन्ही बघ. भाजीबाजारात जे करतेस तेच. ट्रायच्या नियमानं जुडीवर सवलत जास्तीत जास्त 45 टक्के देता येते आणि 19 रुपयांहून महाग वाहिनी जुडीत घालता येत नाही. कधीकधी तीन सुट्या वाहिन्यांपेक्षा आठांची जुडी स्वस्त पडते, मग ती खुशाल घे, बाकीच्या पाच बघितल्या नाहीस म्हणून काय बिघडलं? पण एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून बघ. बऱ्याच पॅकमध्ये एकच वाहिनी साधीही असते आणि एचडीही. म्हणजे एकाच मालिकेचे दोनदा पैसे. मी माझ्या बिलात अशा चार जोड्या काढल्या. सासूबाईंचा टीव्ही 32 इंची, चष्म्याचा नंबर वाढलेला, त्यांना साध्यातलं आणि एचडीतलं सारखंच दिसतं. साधी ठेवली, एचडी काढली.

पॅक ठरवायच्या आधी तुझ्या सासूबाईंना विचार, "तुम्हाला कोणत्या पाच वाहिन्या लागतात?" नावं त्यांना आठवणार नाहीत. त्या म्हणतील, "ती नाही का, ती पोलीस झालेली मुलगी असते, ती." त्यावरून तू शोध. हेच खरं काम आहे, कंपनी निवडणं नंतर.

रविवारी तो माणूस आला की त्याला पाणी दे आणि हे एवढं विचार. बॉक्स आमच्या मालकीचा की वापरायला दिलेला, आणि सोडताना परत घेणार का? कारण एका कंपनीचा बॉक्स दुसरीकडे चालत नाही. कंपनी बदलली की तो घरातल्या घरात वीट होतो. घर बदललं तर हलवायचे किती? माणूस बोलावला तर प्रत्येक खेपेचे किती? गावाला महिनाभर गेलो तर तेवढ्यापुरतं बंद ठेवता येईल का? मध्येच सोडलं तर उरलेले पैसे परत मिळतील का? उत्तरं तोंडी घेऊ नकोस, त्याच्याच फोनवरून तुझ्या फोनवर लिहून पाठवायला सांग. आणि पहिल्यांदा एकाच महिन्याचे पैसे भर, फार तर तीन. वर्षाचं स्वस्त पडतं हे मलाही कळतं. पण आधी एक पावसाळा जाऊ दे.

तक्रारीची वेळ आली तर त्यांच्या नंबरवर तक्रार नोंदव आणि तक्रार क्रमांक लिहून घे, तो क्रमांक नसेल तर तुझी तक्रार झालीच नाही असं समज. तिथे दाद मिळाली नाही तर कंपनीच्या नोडल अधिकाऱ्याकडे जा. त्याचं नाव-नंबर कंपनीला द्यावं लागतं. त्यानंतर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, 1915. ट्राय नियम करतं, पण एकेका घराची तक्रार सोडवत बसत नाही, म्हणून तिथे पत्रं लिहिण्यात दुपार घालवू नकोस. माझ्या त्या सात महिन्यांच्या पैशांच्या वेळी मला यातलं काहीच माहीत नव्हतं, मी नुसती चार दिवस भांडले.

मग आमच्याकडे शेवटी काय झालं, ते विचारशील. मी खालच्या चौकातल्या केबलवाल्याकडे गेले आणि म्हटलं, पुन्हा जोडा. तो हसला नाही, एवढं म्हणाला, "ताई, बऱ्याच जणांचं असं होतं." पोऱ्या आला, बॉक्स लावला. मी टीव्हीच्या रिमोटवरच्या सोर्सच्या बटणावर चिकटपट्टीचा तुकडा लावला आणि तो रिमोट वर फडताळात ठेवून दिला. टीव्ही चालू-बंद करण्यापासून आवाजापर्यंत सगळं बॉक्सच्या एकाच रिमोटवर बसवून घेतलं. नव्या बॉक्सच्या रिमोटला बहुधा हे शिकवता येतं, बसवणाऱ्याकडून तेवढं करून घे. त्यांच्या पाच वाहिन्यांचे नंबर मोठ्या अक्षरात पुठ्ठ्यावर लिहून टीव्हीच्या खाली लावले. बॉक्सच्या मागे दुसरा कागद: ग्राहक क्रमांक, केबलवाल्याचा फोन, रिचार्जची तारीख. वायफाय आणि ॲप ठेवलीच आहेत, पोरांसाठी. दोन्हीचे पैसे जातात. जाऊ देत. हॉटेलात एकदा कमी जाऊ.

तुझ्याकडे गॅलरी मोकळी असेल तर डिश घे, नसेल तर केबल, मला दोन्ही चालतील. फक्त एवढं कर. माणूस सगळं बसवून "मॅडम, सही करा" म्हणेल, तेव्हा सही करू नकोस. सासूबाईंना बोलाव, रिमोट त्यांच्या हातात दे आणि तू स्वयंपाकघरात जा. त्यांना टीव्ही बंद करू दे, परत लावू दे, आवाज कमी-जास्त करू दे, स्वतःची मालिका शोधू दे. चुकल्या तर त्या पोरालाच विचारू दे, परक्या पोराला विचारायला माणसाला लाज वाटत नाही, सुनेला विचारायला वाटते. त्यांच्या आवडीच्या वाहिनीचा आवाज स्वयंपाकघरात आला की बाहेर ये आणि सही कर.

आणि काही दिवसांनी त्या आठ वाजता वाटी घेऊन शेजारी निघाल्या, तर आधी फ्रिज उघडून बघ.

तुझी ताई